मातीनं न जाणारा डाग

चतुराबाईच्या हातांवर कधी पुटकुळी येत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा तिच्या नणंदेच्या ध्यानात आली. चतुराबाई डोंगरकडा गावच्या सोनाजी कुंभाराची बायको. दिवसभर कोपरापर्यंत मातीत असायची. चेहरा उन्हानं रापलेला, पण हात लोण्यासारखे. नणंद अनुसया तेव्हा पंधराची होती आणि तिचं कपाळ, गाल, हनुवटी मुरुमांनी भरून गेली होती. दोन ठिकाणची माणसं तिला पाहून गेली, गूळपाणी घेऊन गेली आणि पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. एके दिवशी माती मळत बसलेल्या भावजयीचा हात तिनं धरला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, ही माती माझ्या तोंडाला लावून दे."

ही एकोणीसशे बत्तीस सालची गोष्ट. चतुराबाईनं आधी हसण्यावारी नेलं. मग तिला वाटलं, लावून पाहायला काय जातं. पण मडक्याची माती चेहऱ्याला चालणार नव्हती, तिच्यात रेती असते, राख असते. म्हणून तिनं तळ्याचा गाळ एका रांजणात कालवला. जड रेती खाली बसली तसं वरचं गढूळ पाणी दुसऱ्या रांजणात ओतलं, तिथून तिसऱ्यात. तिसऱ्या रांजणाच्या तळाशी दोन दिवसांनी जी बसली ती माती दुधावरच्या सायीसारखी होती. ती जुन्या धोतरातून गाळली, कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात भिजवली आणि अनुसयेच्या तोंडाला लावली. दर तिसऱ्या दिवशी, दोन महिने. जुने खड्डे काही भरले नाहीत, पण नवे मुरूम यायचे थांबले, पिकलेले सुकले, चेहऱ्याची लाली उतरली. पुढच्या लग्नसराईत अनुसया औंढ्याकडं नांदायला गेली.

बायकांच्या तोंडी ही गोष्ट किती दिवस राहणार? गावातल्या पोरी येऊ लागल्या. मग वाकोडीच्या, मग कळमनुरीच्या. हिंगोलीच्या बाजारात मुलतानी माती मिळायची, काचेच्या बरणीतलं पांढरं मलमही मिळायचं, पण ते वकील-तहसीलदारांच्या बायकांसाठी. शेतात निंदायला जाणाऱ्या पोरीला ते कुठून परवडणार? चतुराबाईनं मातीच्या लहान वड्या करून सावलीत वाळवायला सुरुवात केली. पसाभर ज्वारीला चार वड्या. ज्वारी नसली तर पुढच्या खेपेला.

तांड्यावरची मोतीबाई मोळ्या विकायला कुंभारवाड्यात यायची. तिनं चतुराबाईला ओढ्याच्या दरडीतला एक पट्टा दाखवला. हातभर रुंदीचा, पांढुरक्या हिरवट मातीचा, साबणासारखा मऊ. त्या मातीच्या वड्या तळ्याच्या गाळापेक्षा दुप्पट गुणकारी निघाल्या. तेव्हापासून दोघी मिळून ती माती खणून आणायच्या, आणि मोतीबाईच्या घरातल्या पोरींना वड्या फुकट.

चतुराबाईवर लोकांचा विश्वास बसला तो तिच्या मातीमुळं जेवढा, तेवढाच तिच्या नकारामुळं. देवी येऊन गेलेली एक पोर तिच्या आईनं आणली, तेव्हा चतुराबाईनं तिच्या गालांवरून बोट फिरवलं आणि स्पष्ट सांगितलं की माती तेल ओढते, पू सुकवते, पण हे व्रण ती भरत नाही, उगाच ज्वारी घालवू नका. ती बाई रागावून गेली, पण गावानं हे लक्षात ठेवलं. चतुराबाई ज्याला होय म्हणेल ते होणार, असं लोक समजू लागले.

उकंडराव हे डोंगरकड्यातले मोठे शेतकरी. त्यांची बायको सखुबाई एकोणीसशे छत्तीसच्या माघात आपल्या लेकीला घेऊन आली. लेक द्वारका. सेनगावकडच्या साखरा गावातल्या घराण्यात तिचं लग्न ठरलं होतं, दीड महिन्यावर मुहूर्त होता. कपाळभर मुरूम होते, बाकी पोर देखणी आणि बोलघेवडी. चतुराबाईला ती फार आवडली. स्वतःला मूलबाळ नव्हतं. ही पोर यायची, ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, तोंडभर माती लावून डोळे मिटून बोलत राहायची. माती वाळू लागली की चेहरा ताणला जातो, मग बोलता येत नाही, आणि द्वारकेला तेवढंच जड जायचं.

एका दुपारी माती वाळत असताना द्वारका म्हणाली, "मावशी, सगळीकडं वढून राहिलं, इथं काहून वढत न्हाई?"

तिनं डाव्या कानाच्या खाली, जबड्याजवळ बोट ठेवलं. चतुराबाईनं माती धुऊन पाहिलं. पावलीएवढा डाग होता, कातडीच्या रंगापेक्षा जरासा फिका. इतके दिवस मुरुमांच्या गर्दीत तो दिसला नव्हता. तिनं द्वारकेला डोळे मिटायला सांगितलं आणि कुंपणाच्या बाभळीचा एक काटा त्या जागी टोचला. रक्ताचा बारीक थेंब आला. द्वारका डोळे मिटून तशीच बसून होती. टोचलं का, असं विचारल्यावर म्हणाली, "अजून टोचलं कुठं तुमी?"

चतुराबाईचा मामा तिच्या लहानपणी गावाबाहेर झोपडीत राहायचा. झोपडीत जाण्याआधीची काही वर्षं तो त्यांच्याच घरी होता, आणि त्याच्या गुडघ्यावर असाच एक फिका डाग होता. पोरं खेळ म्हणून तिथं काटे टोचायची आणि मामा हसायचा. त्या पोरांत चतुरा होती. पुढं मामाची बोटं वाकली, मग झडली. त्याच्या भाकरीचं गाठोडं झाडाला बांधून ठेवायला तीच जायची. म्हणजे द्वारकेच्या गालावर काय आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. शंका होती असं तिनं पुढं कधीही म्हटलं नाही. कळलं होतं, असंच म्हणाली.

चार दिवसांनी सखुबाईनं तो डाग पाहिला. लग्नाला अकरा दिवस उरले होते. मांडव घालायची माणसं सांगून झाली होती आणि लग्नाच्या उतरंडी सोनाजीच्याच चाकावर घडत होत्या. सखुबाईनं विचारलं, "चतुरे, हे काय वं?"

"घामाचं शिबं हाय," चतुराबाई म्हणाली. "मातीनं जाईल."

एवढेच शब्द. ते बोलताना तिला वाटलं की लग्न तर होऊन जाऊ दे, मग पाहू. वाटलं की आपण खरं बोललो तर पोरीला मामासारखी झोपडी. आणि हेही वाटलं की माझ्या ओसरीवर महारोग निघाला असं गावात पसरलं तर पुन्हा एकही पोर इथं पाय ठेवणार नाही. यातलं कुठलं पहिल्यांदा वाटलं, याचा हिशेब ती नंतर कितीतरी वर्षं मनाशी करत राहिली. हळदीच्या दिवशी तिनं स्वतः द्वारकेच्या जबड्यावर मातीत हळद कालवून असा हात फिरवला की डाग कुणालाच दिसला नाही. साखऱ्याच्या बायकांनी नवरीच्या नितळ कपाळाचं कौतुक केलं. सखुबाईनं चतुराबाईला हिरवं लुगडं नेसवलं.

द्वारका साखऱ्याला गेली आणि तिथून निरोप पाठवू लागली की वड्या पाठवा. मोतीबाईचा नवरा भावसिंग कापसाच्या गाड्या घेऊन सेनगावकडं जायचा, त्याच्यासोबत चतुराबाई वड्या पाठवायची. दर खेपेला एखादा शब्द पाठवता आला असता. सासरी सांगू नको, पण हिंगोलीच्या डॉक्टरला एकदा गाल दाखव, इतकंच. भावसिंग विचारायचाही, काही सांगायचं का? ती म्हणायची, सुखी राहा म्हणावं. द्वारकेला मुलगी झाली, तिचं नाव पारू ठेवलं, हे कळलं तेव्हा तिनं वड्यांसोबत मातीची खेळणी पाठवली. असं सहा वर्षं चाललं.

एकोणीसशे बेचाळीसच्या उन्हाळ्यात भावसिंग परतला तो वड्या तशाच घेऊन. संध्याकाळी मोतीबाई येऊन बसली आणि हळूहळू सांगू लागली. द्वारकेच्या हाताची दोन बोटं वाकली आहेत. चुलीतलं लाकूड धरून बसली आणि हात भाजल्याचा वास सासूला आला, तिला स्वतःला कळलं नाही. सासरच्यांनी तिला शेतातल्या गुरांच्या कोठ्यात ठेवलं आहे. नवरा ग्यानबा दिवसातून एकदा भाकरी ठेवून जातो. चार वर्षांची पारू घरात आजीजवळ, तिला शेताकडं जाऊ देत नाहीत.

त्या संध्याकाळी चतुराबाईनं सोनाजीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सोनाजी मितभाषी माणूस. त्यानं चाक थांबवलं, हात पुसले, आणि एवढंच विचारलं की सहा वर्षं तू ही भाकरी कशी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी त्यानंच गाडी जुंपून दिली.

साखऱ्याच्या शिवारात कोठा होता. द्वारका दारात बसून शेंगा फोडत होती, उरलेल्या बोटांनी. चतुराबाईला पाहून ती उठली, पुढं आली आणि चार पावलांवर थांबली. हसली. म्हणाली, मावशी, तुमची माती संपली म्हणून निरोप धाडणारच होते. चेहरा अजून देखणा होता. डाग मात्र आता अर्ध्या गालावर होता आणि दोन्ही हातांवर होता.

चतुराबाई तिच्याजवळ गेली, तिला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसली.

"द्वारके, मला तवाच कळलं हुतं."

"काय?"

"तो डाग. शिबं नव्हतं ते. माझ्या मामाला तसाच हुता. तुला काटा टोचला तवाच कळलं."

द्वारकेच्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारच्या वावरात कुणीतरी बैलांना हाकत होतं. मग म्हणाली, "मंग काहून न्हाई सांगितलं?"

सहा वर्षांत चतुराबाईनं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. तुझं लग्न, तुझी आई, गावची तोंडं. ती सगळी तिनं बाजूला ठेवली. "भ्याले," ती म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी बी. पण पयले माझ्यासाठी."

द्वारकेनं मान हलवली, जणू हे तिला पटलं. मग ती जे बोलली ते चतुराबाईला जन्मभर पुरलं. ती म्हणाली, "डाग वाढला की मला वाटायचं, माझंच लावणं चुकून राहिलं. कधी वाटायचं माती लई वेळ ठेवली, कधी वाटायचं कमी ठेवली. लेकरू रडत राहायचं अन् मी तोंडाला माती लावून बसायची. तुमी म्हणलं हुतं जाईल, मंग न गेला तर दोष माझाच की."

रागाचा एक शब्दही ती बोलली नाही. बोलली असती तर चतुराबाईला बरं वाटलं असतं.

ग्यानबाची परवानगी मिळायला दोन दिवस लागले. परवानगी म्हणजे काय, तो फक्त मान खाली घालून उभा राहिला. चतुराबाईनं द्वारकेला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कापसाचा बारीक पेळू करून द्वारकेच्या अंगावर जागोजागी टेकवला, डोळे मिटून कुठं कळतं ते सांगायला लावलं. मग चतुराबाईला बाजूला घेऊन म्हणाले की निजामाबादेकडं या रोगाचा दवाखाना आहे, तिथं तेलाच्या सुया टोचतात. रोग थांबेल. गेलेली बोटं परत यायची नाहीत. पहिला डाग एकटा होता तेव्हा आणली असती तर बोटं बहुतेक वाचली असती. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं, ते आपले सगळ्यांना सांगतात तसं सांगत होते.

हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून नांदेड, पुढं निजामाबाद. द्वारकेनं पदर नाकापर्यंत ओढून हात पदराखाली ठेवले होते. डब्यात कुणी विचारलं तर चतुराबाई सांगायची, लेक हाय माझी, माहेरी नेऊन राहिले. दवाखान्याच्या फाटकाशी नाव लिहून घेतलं. आत जाताना द्वारकेनं तिच्या पाया पडण्यासाठी वाकल्यासारखं केलं आणि मग तशीच सरळ झाली आणि आत गेली.

गावात परतल्यावर चतुराबाई सखुबाईकडं गेली आणि तिलाही सगळं सांगितलं. सखुबाई जात्यावर बसली होती, तिनं दळण थांबवलं नाही. तेव्हापासून उकंडरावांच्या घरी सोनाजीचं मडकं गेलं नाही, ते वारंग्याच्या कुंभाराकडून घेऊ लागले. यावर सोनाजीनं बायकोला कधी शब्दानं दुखवलं नाही, पण चाकावर बसला की पूर्वी गुणगुणायचा, ते थांबलं.

चतुराबाईनं वड्या करणं सोडलं नाही. फक्त आता ती डॉक्टरासारखा कापसाचा पेळू घेऊन बसायची. मुरुमांसाठी आलेल्या पोरीचे डोळे मिटायला सांगायची आणि गाल, कपाळ, दंड, पाठ सगळीकडं कापूस टेकवायची. आयांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, पोरीच्या तोंडाला माती लावायला आलो की तिच्या अंगावर महारोग शोधायला? हिच्या ओसरीवर पोर गेली असं पसरलं तरी सोयरीक मोडायची. हळूहळू ओसरी रिकामी झाली. वाळलेल्या वड्या टोपलीत तशाच पडून राहू लागल्या. मोतीबाई तांड्यावरच्या पोरींना तेवढी घेऊन यायची, आणि त्यातल्याच एकीच्या, मोतीबाईच्या धाकट्या जावेच्या लेकीच्या पाठीवर एक डाग सापडला, कापूस न कळणारा. यावेळी चतुराबाई तासभरही थांबली नाही. त्याच दिवशी भावसिंगची गाडी हिंगोलीला गेली. दीड वर्ष सुया घेऊन ती पोर नीट झाली, दहा बोटांनी भाकरी थापू लागली. तांड्यावर चतुराबाईचं नाव झालं. पण त्या पोरीचे हात पाहिले की तिला बरं वाटायच्या आधी दुसऱ्या हातांची आठवण यायची. मोतीबाईनं एकदा समजावलं की एक गेली पण एक वाचली. चतुराबाई म्हणाली, अशी वजाबाकी माझ्याकडनं होत न्हाई, मोती.

सोनाजी शेहेचाळीसच्या पावसाळ्यात गेला. पुढची दोन वर्षं धामधुमीची. रझाकारांच्या धास्तीनं कितीतरी घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. चतुराबाईही उमरखेडच्या बाजूला आठ महिने राहिली. पत्र नाही, गाडी नाही. अठ्ठेचाळीसच्या दसऱ्यापर्यंत सगळं निवळलं, लोक परतले, तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते निजामाबादेकडची गाडी धरण्याचं.

द्वारका जिवंत होती. रोग थांबला होता. दवाखान्याच्या बागेला पाणी घालायचं काम करायची, चेहरा थोडा जडावला होता. दोघी झाडाखाली बसल्या. द्वारकेनं सोनाजीकाकांची चौकशी केली, आईची केली. सखुबाई एकदाही भेटायला आली नव्हती. निघायच्या वेळी द्वारका म्हणाली, "मावशी, पारू आता दहाची झाली असंल. चार वर्षं मी तिला अंगावर घेऊन वाढवली. पण तवा मला काय झालंय ते मलाच ठावं नव्हतं. तिचं अंग एकदा पाहून या."

चतुराबाई परतीच्या वाटेवर घरी न जाता थेट साखऱ्याला गेली. ग्यानबानं दुसरं लग्न केलं होतं. द्वारकेच्या सासूनं चतुराबाईला ओळखलं आणि उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तेव्हा ती गावच्या विहिरीजवळ जाऊन बसली. दुपार कलल्यावर पोरी पाण्याला आल्या. त्यातली पारू तिला सांगावी लागली नाही, चालणं तसंच, बोलणं तसंच. चतुराबाईनं तिला हाक मारली, आजोळच्या गावची आहे म्हणाली, आणि खेळ खेळू या म्हणून तिला डोळे मिटायला सांगितलं. कमरेच्या बटव्यातला कापूस काढून गालाला लावला, मानेला लावला, दंडाला, पोटरीला, पोलक्याच्या गाठीखाली पाठीला. दर वेळी पारू बरोबर जागा सांगत होती आणि गुदगुल्या होऊन हसत होती. कुठं डाग नव्हता. चतुराबाईनं कापूस पुन्हा बटव्यात ठेवला.

"आजोळच्या हायसा, मंग माझी आई पाहिली असंल तुमी," पारू म्हणाली. "कशी दिसायची?"

"दिसायची?"

"मी ल्हान होते तवा मेली ती. आजी सांगती."

चतुराबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात घराकडून आजीची हाक आली, पारूनं घागर डोक्यावर घेतली आणि मान वळवून उत्तराची वाट पाहत जराशी थांबली.

"लई देखणी हुती," चतुराबाई म्हणाली.

पारू खूश होऊन निघून गेली. गल्लीच्या वळणापर्यंत हाक मारता आली असती. चतुराबाई विहिरीच्या कठड्याजवळ उभी राहिली आणि तिनं मनाशी म्हटलं की पोरीला आता नीट घर आहे, सावत्र का होईना आई आहे, खरं सांगून तिच्या वाट्याला काय द्यायचं. सखुबाईला उत्तर देताना मनात असंच काहीसं आलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तरीही तिनं हाक मारली नाही.

डोंगरकड्याला पोचल्यावर तिनं शाळेच्या मास्तरांकडून द्वारकेला पत्र लिहून घेतलं. पारूचं अंग साफ आहे, कापूस लागला की हसते, चालते अगदी तुझ्यासारखी, मी स्वतः पाहून आले. मास्तरांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, अजून काही घालायचं आहे का?

चतुराबाईनं कागद हातात घेतला. मग म्हणाली, "न्हाई. येवढंच."